अत्तर-गुलाब : सुगंधाची मर्यादा

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघालें कीं सुमारें बारा मैलांवर सोनगीर लागतें. टेकडीवर जुना किल्ला आणि खालीं तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीं खानदेशांत नांवाजलेलें गांव. अत्तराची जन्मकथाहि तांब्याच्याच भांड्यांत घडते.

कनोजच्या जुन्या रीतीप्रमाणें तांब्याच्या देगेंत फुलें व पाणी घालून झांकण मातीनें लिंपतात. वाफ बांबूच्या नळीवाटे थंड पाण्यांत ठेवलेल्या भपक्यांत उतरते आणि तेथील चंदनतेल तिचा गंध धरून ठेवतें. म्हणून असें अत्तर मद्यार्कयुक्त सेंटासारखें एकदम उसळत नाहीं. अंगाच्या उबेनें सावकाश उमलतें.

१६०१ सालीं अकबरानें असीरगड घेतला व खानदेश मोगलांचा सुभा झाला. पुढें जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचें श्रेय नूरजहानची आई अस्मत बेगम हिला दिलें आहे. ऊन गुलाबपाण्यावर आलेला तवंग तिनें थोडा थोडा जमविला. त्याचा एक थेंब तळहातास चोळल्यास सारी सभा दरवळते, असें तो सांगतो. थेंबाचें सामर्थ्य कळल्यावर ओंजळ कोण ओतील?

मराठी दरबारांत व घरगुती समारंभांतहि अत्तर-गुलाब आणि पानसुपारी हा निरोपाचा उपचार ठरला. अत्तरदाणींतून मनगटाजवळ एक बोट, गुलाबदाणींतून चार थेंब, एवढेंच. यांतील मर्म पाहण्याजोगें आहे. पाहुण्यानें हात पुढें केल्यावरच त्यास अत्तर लागे. गंध दिला जाई; लादला जात नसे.

आज ही मर्यादा सुटत चालली आहे. आगगाडीच्या डब्यांत, सभागृहांत किंवा रुग्णाच्या खोलींत एकाचा शोक दुसऱ्याचें डोकें दुखवितो. दम्याच्या रोग्यास तर तो श्वास कोंडणारा ठरतो. शेजाऱ्याला डोळे मिटतां येतात, पण श्वास घेतल्यावांचून राहतां येत नाहीं. शिवाय लावणाऱ्याच्या नाकास आपला वास लवकरच जाणवेनासा होतो. त्यामुळें आणखी लावण्याचा मोह होतो.

तेव्हां उन्हाळ्यांत वाळा किंवा मोगरा, थंडींत हिना निवडावी. कानांतील फाया लहान असावा. जवळ आलेल्यासच गंध कळावा. दवाखान्यांत जातांना मात्र अत्तरदाणी घरींच राहूं द्यावी.