सापाचं हृदय, परळ 1965

तुम्ही विजय नगरला आहात, पण चौक नाही, मॉल नाहीत, इस्पितळांच्या पाट्या नाहीत. साल 1965. इंदूर अजून राजवाड्याच्या आसपासच आहे आणि तुमच्या पायाखाली माळव्याची काळी जमीन आहे. हातात मात्र आजचा कागद आहे, काकांचा इको रिपोर्ट. अटॅक येऊन गेला, स्टेंट पडला, तरी पंपिंग 30 टक्क्यांच्या वर जात नाही. काकूंना कुणीतरी स्टेम सेलच्या इंजेक्शनाचं सांगितलंय. ‘तू जरा विचारून ये रे,’ म्हणाल्या. ज्यांनी हे दुखणं सोडवायचा प्रयत्न केला, त्यांनाच विचारायला तुम्ही निघाला आहात.

मीटरगेजची गाडी धरा. महू, पाताळपाणी, घाट उतरून खंडवा. तिथं मोठ्या गाडीत बसून दादर, आणि मग परळचं केईएम इस्पितळ. डॉ. प्रफुल्लकुमार सेन, जी. बी. परुळकर, टी. ई. उडवाडिया आणि पॅथॉलॉजीचे एस. जी. किणरे, ही मंडळी एका विचित्र प्रश्नामागे लागली आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू सच्छिद्र असतो. कप्प्यातलं रक्त थेट भिंतीत झिरपतं आणि स्नायू त्यावर जगतो. मग माणसाची धमनी तुंबली तर भिंतीला तसंच रक्त का पाजू नये?

टेबलावर कुत्र्याचं हृदय धडधडतंय. सुई डाव्या कप्प्याच्या भिंतीतून आरपार जाते, बाहेर येते, शेजारी पुन्हा टोचली जाते. बाहेरच्या अंगाला रक्त थांबेतो दाबून धरायचं आणि आतली वाट मोकळी ठेवायची. हे काम त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. पुढं याच कल्पनेवर लेझरची शस्त्रक्रिया उभी राहिली आणि 1998मध्ये अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली. पण केलेली छिद्रं बुजत जातात, हेही कळून चुकलं. तरी मला परळचा तो प्रयोग फार मोठा वाटतो. नाडी, छातीत कळ, धाप यांच्या पलीकडे जाऊन खुद्द स्नायू कसा वाचवायचा, हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला. फेब्रुवारी 1968मध्ये याच सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला.

स्नायू एकदा मेला की मात्र रक्त पाजून भागत नाही. हृदयात स्नायूंच्या दोन-तीन अब्ज पेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यातल्या अब्जभर जातात आणि तिथं नुसता वण उरतो. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या.

म्हणून आता 1999, टोकियो, केइओ विद्यापीठ. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवर 5-अ‍ॅझासायटिडिन घातलंय. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण पुष्कळशी मिथाइलच्या खुणांनी बंद केलेली, चिकटलेल्या पानांसारखी. हे औषध ती पानं सोडवतं. आठवडाभरात पेशी एकमेकींना जोडल्या जातात. दुसऱ्या आठवड्यात एक हलते, मग दुसरी. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या एका तालात आकुंचन पावतात. बशीतल्या मज्जेच्या पेशींना हृदयाचा ठेका सापडलाय. डोळा काढवत नाही.

याच ओढीनं 2001मध्ये अमेरिकेतल्या पिएरो अन्वर्सा यांच्या गटानं जाहीर केलं की, मज्जेतल्या पेशी टोचून उंदरांचं मेलेलं हृदय पुन्हा भरून आलं. जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. 2004मध्ये इतर प्रयोगशाळांना तसं काही दिसलं नाही. 2018मध्ये हार्वर्डनं त्यांचे 31 शोधनिबंध मागे घ्यायला सांगितलं. काकूंच्या कानावर जे आलं, त्याचं मूळ इथं आहे.

खरी वाट दुसरीकडून गेली. 2006मध्ये शिन्या यामानाका यांनी चार जनुकांनी साध्या पेशीचं वय पुसून तिला मूळपदावर आणलं. 2008मध्ये हार्वर्डमध्ये दिसलं की, आपल्या मेडिकलवाल्याकडे फेफऱ्यावर मिळणारं व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड घातलं, तर उंदराच्या पेशींत हे काम शंभरपटीहून जास्त साधतं. आणि जानेवारी 2020मध्ये ओसाकात योशिकी सावा यांच्या गटानं अशा मूळपदावर आणलेल्या पेशींपासून केलेले पातळ पापुद्रे रुग्णाच्या हृदयावर ठेवले. त्या पेशींतून झरणाऱ्या द्रव्यांनी नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, ही त्यांची मुख्य अपेक्षा होती.

काकूंना एवढंच सांगा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या नियमांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेल फक्त मान्य चाचणीतच देता येतात, आणि त्या चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. जो कुणी इंजेक्शन सुचवेल त्याच्याकडे चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल किंवा लाखांचं बिल पुढं आलं, तर तिथून उठा. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड हृदयासाठी म्हणून कुणी घेऊ नये. आणि हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या गोळ्या काकांनी एकही दिवस चुकवू नयेत, कारण त्यांतल्या अनेक गोळ्या आयुष्य वाढवतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं आहे.