हिप्परगा ते मोमिनाबाद : निजामी राजवटीतील मुलांच्या राष्ट्रीय शाळेचा इतिहास आणि परंपरा

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासाचा अभ्यास करताना ‘वसाहतकालीन शाळा’ ही संज्ञा जपून वापरावी लागते. मुंबई इलाख्यात या संज्ञेचा अर्थ स्पष्ट आहे. सरकारी हायस्कूल, मिशनची शाळा किंवा टिळक-आगरकरांच्या पिढीने उभारलेली खासगी शाळा, या तिन्हींचा संबंध अखेरीस मॅट्रिकच्या परीक्षेशी व इंग्रजी भाषेशी येत असे. मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मात्र १९४८ पर्यंत हैदराबादच्या आसफजाही संस्थानात होते. इंग्रजांचे सार्वभौमत्व येथे रेसिडेन्सीच्या रूपाने होते. शाळेच्या दारात उभी असलेली सत्ता निजामाची होती. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव व बाजारपेठ होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. प्रस्तुत निबंधात या परिसरातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा व तिच्यातून मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, गेलेला प्रवाह यांचा विचार केला आहे.

भाषेचा प्रश्न आणि शाळा :

हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू ठरले. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक व कायदा शिकविण्याचा हा प्रयोग देशाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे, हे मान्य करावेच लागेल. इंग्रजीखेरीज विद्यापीठ चालूच शकत नाही, असे मानण्याच्या काळात तो झाला. परंतु ज्या भाषेला हा मान मिळाला ती संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा नव्हती. तेलुगू, मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलाला प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाताना भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे आणि बहुतेकांचे शिक्षण त्या उंबरठ्यापाशीच थांबे.

या परिस्थितीत मराठी कुटुंबापुढे मार्ग थोडे होते. ऐपत असेल तर मुलाला सोलापूर, बार्शी किंवा पुण्याला पाठवावे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, तेव्हापासून हा मार्ग काहीसा सुकर झाला. धान्य व कापूस नेणाऱ्या या अरुंद रुळांच्या गाडीने ब्रिटिश मुलखाकडे जाणारी वाट जवळ आणली, ही तिची शैक्षणिक कामगिरी रेल्वेच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. ऐपत नसेल तर सरकारी मदरशात उर्दू शिकून कचेरीत चिकटावे, अथवा शिक्षण सोडून शेती धरावी.

खासगी शाळा काढणे हा आणखी एक मार्ग होता. १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यास नूतन विद्यालय, १९१५ मध्ये औरंगाबादेस सरस्वती भुवन अशा शाळा निघाल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या वकिलांचा व सार्वजनिक कार्यकर्त्यांचा त्यांना आधार होता. मात्र संस्थानात खासगी शाळेस सरकारची पूर्वपरवानगी लागे. १९२९ च्या सुमारास सभाबंदीची ‘गश्ती निशाण ५३’ आली आणि चार माणसे एकत्र येऊन काही ठरविणेही परवानगीचा विषय झाले. ज्या राज्यात सभा घेता येत नाही, पक्ष काढता येत नाही आणि वृत्तपत्र चालविणे दुरापास्त आहे, तेथे शाळेच्या वर्गाकडे सार्वजनिक जीवनाचे पुष्कळसे काम आपोआप येते. मराठवाड्यातील शाळांचा इतिहास हा राजकीय इतिहास होतो तो या कारणाने.

हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा :

नागपूर काँग्रेसनंतर, १९२०-२१ मध्ये, सरकारी शाळांवरील बहिष्काराचा कार्यक्रम देशभर पोहोचला. गुजरात विद्यापीठ व टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही याच काळातील. महाराष्ट्राला राष्ट्रीय शिक्षणाची कल्पना नवी नव्हती. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय वंगभंगाच्या काळात उभे राहिले होते आणि इंग्रज सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडले होते. तरीही निजामाच्या मुलखात, तेही रेल्वेपासून दूर असलेल्या खेड्यात, राष्ट्रीय शाळा निघावी, ही गोष्ट वेगळी होती. १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परगा (रवा) या गावी ती काढली. हे गाव आता धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात येते.

स्थापनकर्त्यांची आडनावे येथे बोलकी आहेत. देशमुखी आणि कुलकर्ण ही निजामाच्या महसूल व्यवस्थेतील वतने. ज्या वर्गाची प्रतिष्ठा राज्याच्या दप्तरावर अवलंबून होती, त्याच वर्गातील माणसांनी राज्याच्या मान्यतेबाहेरची शाळा काढली. हा धोका लहान नव्हता.

शाळा निवासी होती आणि मुलांची होती. शिक्षक व विद्यार्थी एकाच आवारात राहात. शिक्षकाने निर्वाहापुरते घ्यावे, कामाची लाज धरू नये, स्वदेशी वापरावे, ही त्या काळातील राष्ट्रीय शाळांची सर्वसाधारण शिस्त होती आणि हिप्परग्याची परंपरा त्याच कुळातील. अशा शाळेची परंपरा म्हणजे गणवेश, बोधचिन्ह, वार्षिक समारंभ किंवा माजी विद्यार्थ्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या नव्हेत. इंग्रजी धर्तीच्या निवासी शाळांत अशा चिन्हांना मोठे स्थान असते. संस्थानातील जहागीरदार-अमीरांच्या मुलांसाठीही त्या धर्तीची सोय हैदराबादेत होती. हिप्परग्याच्या शाळेजवळ दाखवावे असे काही नव्हते. शिक्षकाचे जगणे हाच तेथील मुख्य पाठ होता. त्यामुळे शिक्षक बदलला की शाळा बदले, ही तिची ताकद आणि तिचा दुबळेपणाही.

१९२९ मध्ये व्यंकटेश भवानराव खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून येथे आले. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. सोलापुरात शिकत असताना लोकमान्य टिळकांच्या निधनाची वार्ता ऐकून त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवेची प्रतिज्ञा केली होती. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सोडून त्यांनी पुढील शिक्षण राष्ट्रीय संस्थांतून घेतले. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे ते पदवीधर. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासमवेत त्यांनी काम केले. तेथे प्रकृती ढासळली आणि मग ते हिप्परग्यास आले. मुंबईतील कामगार चळवळीचा अनुभव घेतलेला माणूस खेड्यातील शाळेत येतो, हा योगायोग मराठवाड्याच्या पुढील इतिहासाला वळण देणारा ठरला. हिप्परग्यास असतानाच त्यांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील नारायणतीर्थांकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यासी मुख्याध्यापक ही घटना भाविकतेच्या अंगानेच पाहिली जाते. तिला व्यावहारिक अंगही होते. घरदार, वतन, नोकरी यांपैकी काहीच नसलेल्या माणसावर दडपण आणण्याची साधने राज्याकडे कमी असतात. शिवाय भगव्या वस्त्राला खेड्यापाड्यांत सहज प्रवेश होता. सभेस परवानगी लागे, संन्याशाच्या भेटीस लागत नसे. स्वामीजींनी हे हेतुतः केले असे म्हणण्याचा उद्देश नाही. परंतु पुढे संस्थानभर हिंडताना हे वस्त्र त्यांच्या राजकारणाला उपयोगी पडले.

मोमिनाबादचे स्थलांतर :

१९३५ मध्ये स्वामीजी आपल्या सहकाऱ्यांसह हिप्परगा सोडून मोमिनाबादला गेले आणि तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा त्यांनी घेतली. बाबासाहेब परांजपे हे त्या सहकाऱ्यांत अग्रगण्य होते. चरित्रग्रंथांत या घटनेला एखाद-दुसरे वाक्य मिळते. वस्तुतः संपूर्ण कथेतील कठीण प्रश्न येथेच आहे.

राष्ट्रीय शाळा राज्याच्या मान्यतेवाचून चालते, याचा अर्थ तिचे प्रमाणपत्र राज्यात चालत नाही. आठ-दहा वर्षे शाळेत घालवून बाहेर पडलेल्या तरुणास ना सरकारी नोकरी, ना उस्मानियाचे दार. असहकाराच्या पहिल्या भरात पालकांनी हा तोटा सोसला. चळवळ ओसरल्यावर देशभरातील राष्ट्रीय शाळांतील विद्यार्थी परतू लागले आणि अनेक शाळा मिटल्या. ज्या शेतकरी कुटुंबाने पहिल्यांदाच एक मुलगा शिकविला, त्याच्याकडून ‘प्रमाणपत्राचा मोह सोडा’ अशी अपेक्षा करणे सोपे आहे. परंतु तो त्याग मुलाचा असतो, मुख्याध्यापकाचा नव्हे. दुसरीकडे मान्यता घेतली की अभ्यासक्रम, उर्दूची सक्ती व तपासनीसाची भेट हे सारे आलेच. मोमिनाबादचे विद्यालय या दुसऱ्या प्रकारात मोडत होते. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी राहिलेले हे गाव मुकुंदराज व दासोपंतांमुळे मराठी मनाला जवळचे होते आणि खेड्यातील आश्रमाहून शाळेला येथे कितीतरी मोठे क्षेत्र मिळणार होते.

म्हणून हे स्थलांतर केवळ गावबदल नव्हता. निर्भेळ स्वातंत्र्य आणि व्यापक पोहोच यांपैकी स्वामीजींनी दुसरी बाजू निवडली. ही माघार होती असे म्हणता येते. पण पुढील तीन वर्षांकडे पाहता ते म्हणणे टिकत नाही. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि मराठवाड्यातील कार्यकर्ते प्रथमच एका व्यासपीठावर आले. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंदी असलेल्या स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला व त्यात त्यांना कारावास झाला. नोव्हेंबरमध्ये ‘वंदे मातरम्’च्या प्रश्नावर औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी महाविद्यालये सोडली आणि काढून टाकलेल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. डिसेंबरात उदगीरचे आर्यसमाजी वकील भाई श्यामलाल बिदरच्या तुरुंगात मृत्यू पावले. उदगीरमधील शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. एका वर्षात वर्गातील शिक्षक, विद्यार्थी आणि शाळांचे पाठीराखे रस्त्यावर आले ते काही अकस्मात नव्हे.

मर्यादा :

या इतिहासाचे वर्णन करताना गौरवाच्या भरात दोन बाबी सुटतात. पहिली, या शाळांतील वर्ग मुख्यतः मुलांचे आणि त्यातही लेखन-वाचनाची परंपरा असलेल्या घरांतील मुलांचे होते. ‘राष्ट्रीय’ या विशेषणात गावकुसाबाहेरचा मुलगा कितपत सामावला, हा प्रश्न विचारला पाहिजे. मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले तेव्हा.

दुसरी बाब उर्दू शिक्षणाची. त्याकडे केवळ जुलूम म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. निलंगा येथे १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच संस्थानी वातावरणात वाढले. उर्दू-फारसीवर त्यांनी मिळविलेल्या प्रभुत्वामुळे मोगल दरबारची बातमीपत्रे मराठी वाचकाच्या हाती आली आणि शिवकाल व उत्तरकाल यांच्या अभ्यासाला नवी साधने मिळाली. गोविंदभाई श्रॉफ औरंगाबादच्या सरकारी हायस्कूलमध्येच शिक्षक होते. तेव्हा सरकारी शाळा म्हणजे केवळ राजनिष्ठा आणि खासगी शाळा म्हणजे केवळ देशभक्ती, ही विभागणी कागदावर जितकी सोयीची तितकी वास्तवात खरी नाही.

१९४८ नंतर :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि राष्ट्रीय शाळेचे मूळ प्रयोजन संपले. राज्य आपले झाल्यावर मान्यतेचा प्रश्नच उरला नाही. १९५० मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. नरहर कुरुंदकर १९५५ पासून नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक होते. १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात आले व पुढे तेथील प्राचार्य झाले. पदव्यांचा आग्रह न धरता विद्वत्तेला मान देणारी दृष्टी नांदेडने दाखविली, तिचा उगम शोधताना हिप्परग्यापर्यंत मागे जावे लागते. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठास स्वामीजींचे नाव आहे. राज्याच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा चालविणाऱ्या मुख्याध्यापकाचे नाव आज दरवर्षी हजारो पदवी प्रमाणपत्रांवर छापले जाते. लातूर तर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुणवत्ता यादीसाठीच महाराष्ट्रात ओळखले जाऊ लागले. ‘लातूर पॅटर्न’ आणि हिप्परगा यांमधील अंतर नकाशावर थोडेच आहे.

दप्तरांची स्थिती :

या काळातील शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे पुष्कळदा उर्दूत असून जन्मतारखा फसली सनाच्या आहेत. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्यापासून सुरू होई; त्यामुळे इसवी सन काढताना ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. मुक्तिदिनाचे वर्ष या गणनेने १३५७ फसली येते. ही साधी बाब ठाऊक नसल्याने कित्येक चरित्रांत जन्मवर्षे एका वर्षाने चुकलेली दिसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रे धुंडाळली जाऊ लागली, तेव्हा जुन्या शाळांच्या कपाटांतील ही रजिस्टरे अचानक मोलाची ठरली. उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या रजिस्टरांकडे सत्तर-पंचाहत्तर वर्षे कोणी पाहिले नव्हते, त्यांतील एका रकान्यासाठी गर्दी झाली. त्याच पानावर मुलाचे गाव, पालकाचा धंदा, शाळा सोडण्याचे वर्ष आणि कारण हे रकानेही आहेत. १९३८ आणि १९४७-४८ या वर्षांत शाळा सोडणाऱ्यांची नावे गावनिहाय काढणे नांदेड-लातूर परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागास शक्य आहे. त्यासाठी एक उर्दू जाणणारा सहकारी, कॅमेरा आणि रजिस्टरांना वाळवी लागण्यापूर्वीचा थोडा अवधी एवढेच लागते.