फोल आणि दाणा

नकोशा ईमेलचा इतिहास ३ मे १९७८ पासून सांगतात. त्या दिवशी अमेरिकेत गॅरी थर्क यांनी संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम धाडली.

पुढे ती अडवण्याचे दोन मुख्य मार्ग निघाले. पहिला, पाठवणाऱ्याचा पत्ता पाहणे. १९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी सुरू केली. पण एका सर्व्हरवर एक चोर निघाला की त्याचे निर्दोष शेजारीही अडतात.

दुसरा, मजकूर पाहणे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी थॉमस बेझ यांचे, १७६३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेले संभाव्यतेचे गणित या कामी सुचवले. हवी आणि नकोशी पत्रे चाळणीला दाखवायची; कोणता शब्द कुठे किती येतो, यावरून ती शिकते. फोलाबरोबर दाणा उडू नये म्हणून ग्रॅहम यांनी चांगल्या पत्रांतले शब्द दुप्पट मोजले.

कळमनुरीसारख्या गावात एखाद्या मंडळाला सामायिक ईमेल सेवा चालवायची झाल्यास माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. निव्वळ इंग्रजी टपालावर शिकलेल्या चाळणीला ‘सातबारा’, ‘हळद’, ‘पीकविमा’ हे शब्द परके. आपल्या टपालावर शिकली, तर तेच शब्द अस्सलपणाची खूण ठरतात.

तरी अडवलेले पत्र पुसू नये, बाजूला ठेवावे. जाहिरात चुकून आत आली तर क्षणभर वाया जातो. विम्याचे पत्र अडले तर मुदत जाते. आणि ते पाहावे ज्याचे त्यानेच. दुसऱ्याचे टपाल उघडण्याचा हक्क मंडळाला नाही.