पुतळी

लग्नसराईत सराफाच्या दुकानात ‘पुतळीहार’ हा शब्द सतत कानी पडतो. पुतळी म्हणजे बाहुली, संस्कृतातली पुत्तलिका. पण गळ्यातली पुतळी मूळची व्हेनिसची! तिथे १२८४ पासून डुकाट हे सोन्याचं नाणं पाडू लागले. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख. मिरी-कापडाच्या मोबदल्यात ही नाणी आपल्या किनाऱ्याला लागली, आणि त्या आकृत्या पाहून आपल्या लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटलं. किती नेमकं नाव! कडी डाखून ओवल्या की हार. अडचण आली की त्यातली एक काढून मोडायची. बाईची हक्काची पुंजीच ती. पुढे सोनारांनी छापावर लक्ष्मी आणली, नाव तेच राहिलं.

याच नाण्याचं दुसरं नाव ‘झेक्किनो’. त्याचं मूळ अरबी ‘सिक्का’, म्हणजे आपल्या ‘शिक्क्या’चं ते सख्खं भावंड. फ्रेंचमार्गे इंग्रजीत त्याचं ‘सिक्विन’ झालं आणि अर्थ कपड्यावरच्या चमचमत्या टिकलीवर आला. आज साडीच्या दुकानात ‘सिक्वेन्सवर्क’ मागणारी नवरी तिथूनच पुतळीहार बघायला सराफाकडे जाते. पुतळ्या आता पातळ पत्र्याच्या, नुसता सोन्याचा मुलामा दिलेल्याही मिळतात.