चौदा इंची चाक

बैलगाडीचे चाक माणसाच्या कमरेच्या वर येते, आणि बैलगाडीपेक्षा दसपट वेगाने धावणाऱ्या मोटारीचे चाक जेमतेम गुडघ्याला लागते. वेग वाढला तर चाकही वाढायला हवे, असे सरळ मनाच्या माणसाला वाटेल. पण इतिहास तसा घडलेला नाही. गाडीचे चाक मोठे ठेवणारा आपला सुतार अडाणी नव्हता. पावसाळ्यानंतर वाळून कडक झालेल्या चाकोरीतून आणि दगडगोट्यांतून जायचे, तर लहान चाक खळग्यात उतरते आणि मोठे चाक त्याच खळग्यावरून निघून जाते, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. तुंबा, आरे आणि त्यांच्याभोवती लोखंडाची धाव. लवचीक असे त्या चाकात काहीच नव्हते. धक्का सोसायचा तो चाकाच्या व्यासाने, आणि उरलेला बैलांनी व गाडीवानाने.

पहिल्या मोटारी ह्याच गाड्यांच्या वंशातल्या. १८८८ साली डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि १८९५ साली मिशलँ बंधू पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार घेऊन उतरले. वाटेत इतक्या वेळा पंक्चर झाले की लोकांनी त्यांची थट्टाच केली. पण थोड्याच वर्षांत थट्टा करणाऱ्यांच्या गाड्यांनाही तेच टायर आले. चाकाची उंची मात्र लगेच उतरली नाही. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीचे टायर बाहेरून ३० इंच व्यासाचे होते, कारण अमेरिकेतल्या खेड्यांतला चिखल आपल्या खेड्यांतल्या चिखलाहून काही निराळा नव्हता.

शर्यतीच्या गाड्यांना उंच चाकाचा जाच आधी जाणवला. कुंभाराचे चाक कडेला जड असते, कारण एकदा फिरवले की ते फिरत राहावे अशी कुंभाराची इच्छा असते. शर्यतीतल्या चालकाची इच्छा नेमकी उलट. त्याला चाक चटकन फिरायला हवे आणि चटकन थांबायला हवे. कडेचे वजन जितके जास्त आणि ते आसापासून जितके दूर, तितके इंजिनाला ते फिरवणे जड आणि ब्रेकला ते थोपवणे त्याहून जड. शिवाय चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. खड्ड्यातून उडालेले जड चाक पुन्हा जमिनीला टेकायला वेळ लावते, आणि जमिनीपासून सुटलेल्या चाकाला ना वळता येते ना थांबता येते.

१९०६ साली ल माँ येथे झालेल्या पहिल्या ग्रां प्रीमध्ये रेनोचा चालक फेरेंक सिस जिंकला, त्यात इंजिनाइतकाच मिशलँच्या सुट्या रिमचा वाटा होता. फाटलेला टायर चाकूने कापून काढण्याऐवजी रिमसकट बदलता येत असे. ह्या रिम जड होत्या, आणि गाडीच्या वजनाला १००० किलोची मर्यादा असल्यामुळे काही स्पर्धकांना त्या लावताच आल्या नाहीत. पुढे १९२४ साली एतोर बुगाटीने आपल्या टाइप ३५ ला अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाके दिली आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतला. चाक म्हणून ती देखणी होती आणि हुशारीचीही होती. पण लियाँच्या शर्यतीत टायरच्या रबराने दगा दिला आणि बुगाटी मागे पडला. चाक कितीही उत्तम असले तरी त्यावरचा टायर दुसऱ्याच्या कारखान्यातून येतो, ही गोष्ट त्या दिवशी उघड झाली.

चाकाचे माप म्हणून आपण एकच आकडा सांगतो, पण चाकाला वर्तुळे दोन असतात. बाहेरचे वर्तुळ रस्ता ठरवतो: खड्डे किती, वेग किती, गाडीचे पोट जमिनीपासून किती वर हवे. आतले वर्तुळ, म्हणजे रिम, ठरवतो ब्रेक, कारण तो तिच्या आत मावायला हवा. ह्या दोहोंच्या मध्ये उरते ती रबर आणि हवेची कडी. गेल्या शंभर वर्षांतली सारी ओढाताण ह्या कडीसाठी झाली आहे. ती जाड असेल तर धक्का गिळते, पण वळणावर डुलते. पातळ असेल तर चालकाच्या हाताला रस्ता नेमका सांगते, पण खड्ड्याचा घाव सरळ रिमवर घालते.

आपल्या उपनगरांत ह्या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे चौदा इंच असे होते, आणि ते इटलीतल्या ट्यूरिनहून आले होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी त्या क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकन गाड्या होत्या. मग फियाटशी करार झाला, आणि १९५४ च्या सुमारास ट्यूरिनमध्ये नुकतीच जन्मलेली फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ साली तिची नवी आवृत्ती आली, १९७४ साली तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सीसी, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि टायरचे माप ५.२०-१४. म्हणजे १४ इंची रिम आणि तिच्याभोवती जवळजवळ पाच इंच उंचीची रबरी कडी. बाहेरून सुमारे २४ इंच. एवढ्या लहान गाडीला ही कडी भरपूर जाड होती.

योगायोग असा की दुसरी एक ट्यूरिनची कंपनी कुर्ल्यापासून लोकलने थोड्याच स्थानकांवर येऊन बसली. सिएट हे नाव ट्यूरिनमधल्या केबलच्या कारखान्याच्या इटालियन नावाची आद्याक्षरे जोडून झालेले. १९५८ साली टाटांच्या सहकार्याने ह्या कंपनीची भारतीय शाखा निघाली आणि भांडुपला टायरचा कारखाना उभा राहिला. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधला तो आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, त्या काळी कारखान्यांच्या भोंग्यांवर चालत असे. एका टोकाला गाडी, मध्ये टायर, आणि दोन्हींच्या पाळ्यांत कोकणातून व देशावरून आलेली माणसे. ट्यूरिनच्या दोन कारखान्यांचे असे शेजारीपण मुंबईच्या इतिहासात नोंदले जायला हवे होते; आपण गिरण्यांचा इतिहास जपला, ह्या रस्त्याचा तितकासा जपला नाही.

परवान्यांच्या त्या राज्यात गाडी घेणाऱ्याला निवड नव्हती, तशी चाकाचीही नव्हती. अँबॅसडरला ५.९०-१५, फियाटला ५.२०-१४, स्टँडर्ड हेरल्डला ५.२०-१३. देशातले टायरवाले ह्याच मापांचे साचे ठेवत. पंधरा, चौदा आणि तेरा असे तीन आकडे, आणि त्यांपलीकडचा टायर हवा असेल तर परदेशी जाणाऱ्या नातेवाईकाची वाट पाहायची. तरीही वेगाची हौस असलेली माणसे होतीच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती भरत, आणि तिथे घरगुती फियाटही पळत. कार्बुरेटर बदलता येई, इंजिनाचे हेड घासून दाब वाढवता येई, स्प्रिंगा कापून गाडी बसकी करता येई. चाकाचे मात्र हात बांधलेले. फार तर पोलादी रिम मधोमध कापायची आणि पट्टी जोडून रुंद करायची, म्हणजे तोच टायर जरा पसरून बसे आणि वळणावर कमी डुले. मोठ्या व्यासाचा विचार कुणी करत नसे. आत ड्रमच बसायचा, मग रिम वाढवून करायचे काय? माझ्या मते ही मंडळी आजच्या पुष्कळ हौशी लोकांपेक्षा शहाणी होती. निदान अडचणीने तरी त्यांना शहाणे केले होते.

इकडे युरोपात चाक लहान करण्याची चढाओढ लागली होती. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिसने मिनी मोटार काढली, तेव्हा प्रवाशांची जागा वाचावी म्हणून त्याने १० इंची चाकाचा हट्ट धरला आणि डनलॉपने त्याच्यासाठी तसा टायर बनवला. ह्या एवढ्याशा चाकांवर मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. ग्रां प्रीच्या गाड्याही तेरा इंचांवर आल्या. ह्या वाटेचे शेवटचे टोक म्हणजे १९७६ ची टिरेल पी ३४. डेरेक गार्डनर ह्या तंत्रज्ञाने तिला पुढे १० इंची चार चाके आणि मागे नेहमीची दोन, अशी सहा चाके दिली. पुढची चाके लहान झाल्यामुळे वाऱ्याचा विरोध घटेल आणि चार असल्यामुळे पकड राहील, असा त्याचा हिशेब. त्या वर्षी स्वीडनच्या शर्यतीत जोडी शेक्टर पहिला आणि त्याचा सोबती पात्रिक देपाये दुसरा आला. पण दुसऱ्याच वर्षी गाडी मागे पडली. गुडइयर कंपनी मोठे टायर सुधारत राहिली. एकट्या टिरेलसाठी लागणाऱ्या दहा इंची टायरकडे तिने तेवढे लक्ष दिले नाही. बुगाटीचीच गोष्ट पन्नास वर्षांनी पुन्हा घडली.

त्यानंतर वारे उलटे फिरले. त्याची बीजे जुनी होती: १९४० च्या दशकाच्या शेवटी मिशलँने आणलेला रेडियल टायर, आणि १९५३ साली जॅग्वारला ल माँची शर्यत जिंकून देणारे डिस्क ब्रेक. रेडियलची कूस बळकट असल्यामुळे ती बुटकी करता आली, आणि डिस्क जितकी मोठी तितकी ती तापायला उशीर, म्हणून रिम वाढवणे फायद्याचे ठरले. १९७० च्या दशकाच्या मध्यास पिरेलीचा पी ७ हा बुटका टायर पोर्शच्या टर्बोला लागला आणि वेगवान मोटारीचे चाक पुन्हा वाढू लागले. २०२२ साली फॉर्म्युला वनने तेरा इंची रिम सोडून अठरा इंची घेतली. रिम पाच इंचांनी, म्हणजे १२७ मिलिमीटरांनी वाढली; टायरचा बाहेरचा व्यास मात्र ६७० वरून ७२० मिलिमीटर झाला, म्हणजे फक्त ५० नी. बाहेरचे वर्तुळ थोडे हलले, आतले पुष्कळ, आणि मधली कडी चेपली गेली.

अंधेरी-बोरिवलीच्या दुकानांत आता पोरे सतरा इंची चकचकीत चाके न्याहाळत उभी असतात, आणि गाडी मात्र साधी स्विफ्ट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे म्हणून हसण्याआधी हिशेब पाहू. काही वर्षांपूर्वीच्या स्विफ्टच्या साध्या आवृत्तीला कंपनी १६५/८० आर १४ हा टायर देत असे आणि वरच्या आवृत्तीला १८५/६५ आर १५. पहिल्याचा बाहेरचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. दोन मिलिमीटरांचाही फरक नाही, म्हणून वेगाचा काटा खोटे बोलत नाही आणि गिअरांचा मेळ बिघडत नाही. आता २०५/४५ आर १७ घेतला तर व्यास ६१६.३, इथेही बाहेरचे गणित जुळते. बिघडते ते आतले. चौदा इंचीच्या कुशीची उंची १३२ मिलिमीटर, सतरा इंचीची ९२. खड्डा गिळणारी चार सेंटिमीटरची हवा गेली. बहुधा चाकाचे वजनही वाढते, आणि आत डिस्क मात्र तीच लहान राहते. मोठ्या चाकाच्या बारीक आऱ्यांतून ती कशी केविलवाणी दिसते, हे ज्याचे त्याने पाहावे.

हेच चाक गुळगुळीत शर्यतमार्गावर उपकारक ठरेल. पण जुलै महिन्यात पाण्याखाली बुडालेल्या रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, आणि रात्री द्रुतगती मार्गावर सत्तर-ऐंशीच्या वेगाने पातळ कडीचे चाक त्यात उतरले की रिम वाकते, कुशीला फुगा येतो, क्वचित टायर तिथल्या तिथे फाटतो. मागून मोटारसायकलवर कुणी येत असेल, तर त्या निवडीची किंमत त्याला मोजावी लागते. म्हणून ह्या रस्त्यांसाठी कुणी विचारले तर मी सांगेन की कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला दिलेले माप ही मर्यादा समजावी, म्हणजे बहुतेक वेळा एक इंच; आणि उरलेले पैसे चांगल्या रबराच्या टायरवर आणि ब्रेकच्या पॅडवर घालावेत.

कुर्ल्याची पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्यापिवळ्या फियाट रस्त्यावरून उतरल्या. ज्यांनी हौसेने एखादी पद्मिनी घरात ठेवली आहे, त्यांना आता टायरची चिंता आहे, कारण ५.२०-१४ चा साचा सहज सापडत नाही. मग ते दुकानात जाऊन चौदा इंची रेडियल शोधतात, आणि स्विफ्टच्या साध्या आवृत्तीचा १६५/८० आर १४ त्यांच्यासमोर येतो. बाहेरून तो साडेचोवीस इंचांच्या आतच आहे, म्हणजे ट्यूरिनच्या मापाहून अर्ध्या इंचाचा काय तो फरक. पण ट्यूरिनच्या टायरहून तो बराच रुंद. म्हणून पैसे देण्यापूर्वी ते एक चाक चढवतात, सुकाणू एका बाजूला पुरते वळवतात आणि मडगार्डखाली हात घालून रबर कुठे घासत नाही ना, हे चाचपून पाहतात.