छडी गेली, लाज उरली

शिक्षकानें छडी खालीं ठेविली म्हणजे शाळेंतील क्रौर्य संपलें, असा एक सोईस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाहीं, असें आम्हांस वाटतें. जोसेफ लँकास्टर (१७७८–१८३८) या इंग्रज शिक्षकाचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

१७९८ सालीं लंडनच्या साउथवर्क भागांत त्यानें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली. शाळा वाढत जाऊन एकाच दालनांत शेंकडों मुलें व शिक्षक एक, अशी स्थिति झाली. म्हणून हुशार मुलांनीं इतरांस शिकवावें, अशी योजना त्यानें बसविली. अँड्र्यू बेल यानें मद्रासेच्या अनाथ मुलांच्या शाळेंत हीच रीत आधीं चालविली होती व १७९७ सालीं तिचा वृत्तांत लंडनांत छापिला होता. पुढें १८२० नंतर मुंबई इलाख्यांतील शाळांतही ती आली.

लँकास्टर क्वेकर पंथाचा. फटके मारण्यास त्याचा विरोध होता. परंतु दालनांत शांतता तर हवी! तेव्हां त्यानें लज्जेचें शस्त्र उपसलें. खोडकर मुलाच्या गळ्यांत लांकडी ओंडका अडकवावा, पाय जखडावे, प्रसंगीं त्यास टोपलींत घालून छताशीं टांगावें आणि इतरांनीं खालून पाहावें, अशा त्या शिक्षा! रॉबर्ट सदे या कवीनें त्यांवर त्या काळींच कडक टीका केली.

लँकास्टर दुष्ट होता, असें आम्ही म्हणत नाहीं. शेंकडों मुलांत एकाच्या वागण्याचें कारण शोधण्यास त्यास सवड नव्हती. एकास तमाशा करून बाकीच्यांस धाक घालणें स्वस्त पडत होतें. मात्र छडीचा वळ कांहीं दिवसांत जातो. टोपलीनें सारा वर्गच शिक्षेंत भागीदार होई.

भारतांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस एकत्र बंदी केली, हें योग्यच झालें. त्याच कायद्यानें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले आहेत. पहिल्या तरतुदीचा उच्चार वारंवार होतो, दुसरीचा क्वचित्. लँकास्टरचें दालन आठवलें म्हणजे दुसरीवांचून पहिली लंगडी आहे, हें वाचकांस पटेल.