परळचे बंगले, परळच्या चाळी

परळ आज गिरणगावाचा भाग म्हणून ओळखले जाते. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे तेथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. कोटातल्या दाटीला कंटाळलेल्या साहेबांनी आणि देशी धनिकांनी भायखळा-परळच्या वाटेवर बागबंगले बांधले. जहाजबांधणीत नाव कमावलेल्या वाडिया घराण्याचा लवजी कॅसलही याच भागात उभा राहिला.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेवला 1856 मध्ये चालू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, परळ, वरळी भागांत धुराडी वाढली आणि बंगलेवाल्यांनी मलबार हिलची वाट धरली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा 1882 मध्ये परळच्या बंगल्यात पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्कामही मलबार पॉइंटला हलला. दिनशा माणेकजी पेटिट यांच्यासारखे गिरणीमालक टेकडीच्या बाजूला राहत. गिरणीतला नफा समुद्राच्या वाऱ्यावर गेला, धूर परळमध्येच राहिला.

रिकाम्या झालेल्या जागेत कोकण, सातारा, कोल्हापूरकडची माणसे आली. एका खोलीत एक कुटुंब, बाहेर सामाईक नळ आणि सामाईक संडास, हा चाळीचा साचा ठरून गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शहरातली बहुसंख्य वस्ती एकखोली घरांत राहत होती. एकट्याने आलेले पुरुष गाववार गाळ्यांत राहत. दिवसपाळीचा कामगार उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. त्यांचे जेवण खानावळीत. या खानावळी बहुतेक कामगारांच्या घरातल्या बायका चालवत आणि पैसे पगारानंतर घेत, त्यामुळे गिरणीचा पगार थांबला की पहिला ताण त्यांच्या चुलीवर पडे. या बायकांच्या श्रमांची नोंद गिरणीच्या इतिहासात फारच तुटपुंजी आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

चाळीतले वेळेचे भानही निराळे होते. चाळीचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर सुरू होई. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती 1890 मध्ये, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनंतर. ती मिळाल्यावर भजनी मंडळे, तालमी आणि नाटके बहरली. गणपती-शिमग्याला गावी जाणे हा वर्षाचा कणा होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगार स्वतःच रंगमंचावर उभे राहत. या संस्कृतीला गरिबांची करमणूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल: शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे याच श्रमिक मुंबईत घडले.

रोगराईतही भेद दिसला. 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा ऐपतदारांना शहराबाहेर बिऱ्हाड हलवता आले. चाळकऱ्यांच्या वाट्याला घरझडत्या आणि सक्तीची रुग्णालये आली. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते काढताना अनेक गरीब वस्त्या पाडल्या. गव्हर्नरांच्या जुन्या बंगल्यात 1899 मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला सरकारी बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या गेल्या. खोली सुमारे 160 चौरस फुटांची. पुढच्या दशकात मरीन ड्राइव्हवर स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले फ्लॅट उभे राहिले.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या मोडकळीस आल्या. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये आणि मनोरे आले. फिनिक्स मिलच्या आवारात आता बाजारपेठ आहे. दीडशे वर्षांपूर्वी धुरामुळे परळ सोडून गेलेला पैसा धूर थांबल्यावर तेथे परतला. जागांचे भाव चढत गेले आणि अनेक कामगार कुटुंबे डोंबिवली, नालासोपारा किंवा थेट गावाकडे गेली.